आठवण येते, भाकरी येत नाही

"बिस्किट आणि ग्रेव्ही!"

हे शब्द ऐकले आणि आमच्या विंगमधली आठ-दहा पोरं एकदम फुटली. एकजण म्हणाला, "काय, पार्ले-जी रश्श्यात बुडवून?" दुसरा म्हणाला, "मग मारी आमटीत कुस्करून बघायला पाहिजे." हसणं थांबेपर्यंत सांगणारा बिचारा गप्प बसून होता.

सांगणारा म्हणजे आमचा एक सिनियर. कडेगावकडचा. आपल्याच कॉलेजातून पास होऊन एम.एस.साठी अमेरिकेत गेला, टेनेसी नावाच्या राज्यात. शिक्षण झालं, तिथंच नोकरी लागली. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सुट्टीवर आला तेव्हा "एक रात्र जुन्या रूमवर काढायची" म्हणून होस्टेलला मुक्काम ठोकला. रात्री गप्पांचा फड जमला आणि विषय नेहमीप्रमाणे मेसवर आला. "तिकडं सकाळी काय खातात?" असं कुणीतरी विचारलं, त्यावर त्यानं हे उत्तर दिलं.

हसून झाल्यावर त्यानं नीट सांगितलं. तिथं बिस्किट म्हणजे आपलं पुड्यातलं कुरकुरीत बिस्किट नाही. मैदा, बटर, बेकिंग पावडर आणि चक्क ताक घालून भिजवलेला, भट्टीत भाजलेला मऊ, जाडसर पाव. आणि ग्रेव्ही म्हणजे मांसाच्या तुकड्यांतून सुटलेल्या चरबीत मैदा परतायचा, वर दूध ओतायचं, मिरपूड घालायची आणि दाट होईपर्यंत घोटायचं. पाव मधून फोडायचा आणि हे कालवण त्यावर ओतायचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं हे मूळचं कष्टकऱ्यांचं खाणं. थोड्या पैशात पोट भरणारं आणि दुपारपर्यंत दम धरणारं. आमचा सिनियर शाकाहारी, म्हणून त्याच्यासाठी त्या घरातल्यांनी मैदा बटरमध्ये परतला होता.

"म्हणजे पिठाची भाकरी आणि वर पिठाचंच पिठलं!" मी म्हणालो.

"बरोब्बर!" तो म्हणाला. "पण खरी गंमत पुढं आहे."

ती 'गंमत' ऐकून आम्ही परत हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. हा लेख तिच्यापायीच लिहितोय.

झालं असं, की त्या घरातला बाप दर रविवारी सकाळी स्वतः ही बिस्किटं करतो. त्याच्या आईनं त्याला शिकवलं, आणि आता तो आपल्या दोन्ही पोरांना शिकवतोय. पीठ उडतंय, पोरं भांडतायत, आई टेबलाशी बसून चहा पितेय... असा सगळा देखावा. खाता खाता त्यांनी आमच्या सिनियरला विचारलं, "तुमच्या घरी सकाळी काय असतं?" मग काय! याची गाडी सुटली. चूल, तव्यावरची भाकरी, लसणाची फोडणी दिलेलं पिठलं, आजीच्या हातचा खर्डा... पंधरा-वीस मिनिटं तो बोलत होता. ते सगळे एवढे रंगले, की शेवटी म्हणाले, "मग पुढच्या रविवारी तू कर. आम्ही खातो."

आणि तिथं हा पठ्ठ्या गप्प झाला.

दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. व्हिडिओ पाहिले. चार वेळा थापली, चारही वेळा भाकरीचे तुकडे झाले. "शेवटी मी त्यांना मॅगी करून घातली," तो म्हणाला. आम्ही परत हसलो. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "आठवण येते रे, भाकरी येत नाही."

मित्रहो, आपण सगळेच या वाक्यात बसतो की नाही, ते आपापल्या मनाला विचारा.

मी खटाव तालुक्यातला, सातारा जिल्हा. आजोळ पलूस तालुक्यात कृष्णाकाठी, म्हणजे सांगली जिल्हा. एका बाजूला पाण्यासाठी आभाळाकडं बघणारं गाव, दुसऱ्या बाजूला पाणी जास्त झालं म्हणून नदीकडं बघणारं. त्यामुळं लहानपणी मला दोन प्रकारच्या न्याहाऱ्या मिळाल्या. दोन्हींविषयी थोडं सांगतो.

आमच्याकडं 'ब्रेकफास्ट' नव्हता, 'नाष्टा'ही नव्हता. न्याहारी होती. पहाटे आई उठायची, शेण-घाण, धारा. आण्णा डेअरीला दूध घालून यायचे. तोवर आठ वाजायचे. थंडीच्या दिवसांत बाजरीची भाकरी, उन्हाळ्याकडं शाळूची. चुलीपुढं आई काटवटीत पीठ मळायची आणि थापायला लागली की तो थप-थप आवाज आम्हाला गजरासारखा वाटायचा. आम्ही भावंडं चुलीजवळ ऊब धरून बसायचो. तव्यावरनं उतरून निखाऱ्याला लावलेली भाकरी टम्म फुगली की भांडण सुरू, वरचा पापुद्रा कुणाचा! कोरड्यास म्हणून कधी पिठलं, कधी शेंगदाण्याच्या कुटाचा म्हाद्या, काहीच नसलं तर चटणी आणि तेल. आदल्या रात्रीची शिळी भाकरी उरली असेल तर ती दुधात कुस्करून. शिळी भाकरी आणि दूध याला 'गरिबाचं खाणं' म्हणणाऱ्यानं ती एकदा खाऊन बघावी आणि मग बोलावं.

आजोळी थाट वेगळा. मामाकडं म्हशी, ऊस, घराला लागून नदीकाठचं रान. तिथं शाळूची भाकरी पांढरीशुभ्र, सोबत कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत नाहीतर दाट दही. गुऱ्हाळाच्या दिवसांत भाकरीवर काकवी. आजोळच्या पिठल्याचा रंगसुद्धा आमच्याकडच्यापेक्षा पिवळाजर्द, कारण हळद सांगलीची! मामी हात सैल सोडून घालायची. आजोबा न्याहारीला बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, आणि आजोबा तर सगळी पोरं बसल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत. त्यामुळं सुट्टीत उशिरा उठणाऱ्याला सगळ्या घराच्या शिव्या खाव्या लागायच्या.

आमची खटावची आजी या सगळ्यात आणखी एक गोष्ट सांगायची. १९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा नवी नवरी. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, आणि रेशनला यायची लाल मिलो. ही मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. "लाल भडक भाकरी, आन् गार झाली की चामडं," आजी सांगायची. "पर तिनंच जगवलं." परवा सिनियरच्या अमेरिकेच्या गप्पा ऐकताना मला हेच आठवलं. आमच्या घरात अमेरिकेचं धान्य पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेलंय. तेव्हा ते गोणीत भरून आलं आणि आजीनं त्याची भाकरी केली. आज आमचा शिकलेला पोरगा अमेरिकेत पीठ विकत घेऊन बसला, तर त्याला भाकरी करता आली नाही. प्रगती कुठल्या बाजूनं मोजायची?

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हे काय नवीन? प्रत्येक अंकात एक तरी लेख असतोच, 'आईच्या हातची चव'. खरं आहे. म्हणूनच मला पुढचं बोलायचंय, आणि ते जरा टोचणारं आहे.

वर मी न्याहारीचं जे वर्णन केलं, ते परत एकदा वाचा. चुलीजवळ कोण कोण बसलंय? मी, भाऊ, बहीण, आण्णा, आजी. आई बसलीय, पण ती चुलीच्या पलीकडं. तिच्यापुढं ताट नाही. मी डोक्याला कितीही ताण दिला तरी आई आमच्याबरोबर गरम भाकरी खातेय असं एकही चित्र मला आठवत नाही. ती कधी खायची? काय खायची? आम्ही शाळेला गेल्यावर, उरलेलं, गार. हे मला विसाव्या वर्षी सुचलं, तेही एका अमेरिकन बाईची गोष्ट ऐकून, जी रविवारी सकाळी टेबलाशी बसून चहा पिते.

म्हणजे आपण ज्याला 'कुटुंबाची न्याहारी' म्हणून गहिवरून आठवतो, त्यात कुटुंबातलं एक माणूस रोज गैरहजर होतं. आणि ती हजेरी कुणी घेतली नाही.

एक प्रसंग सांगतो. ऑगस्ट २०१९. कृष्णेला महापूर आला, सांगली शहर आणि काठावरची गावं पाण्यात गेली. आजोळच्या घरात पाणी शिरलं. मामा-मामी, आजोबा सगळे एका शाळेत मुक्कामाला. आमच्या खटावच्या गावात मात्र तेव्हाही पिकं सुकत होती. पण निरोप आला तसा गावानं ठरवलं, घरटी पंचवीस भाकरी आणि चटणी द्यायची. पहाटे तीनपासून गावात प्रत्येक घरातनं थापण्याचा आवाज येत होता. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. दुष्काळी गावच्या भाकरी टेम्पोत भरून पुराच्या गावाला निघाल्या. सातारा आणि सांगलीचं नातं काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मी तेव्हा दहावीत होतो. माझ्याकडं काम होतं भाकरी मोजून कागदात बांधायचं. आण्णा आणि चुलते टेम्पोत रचत होते. तरणी पोरं टेम्पोबरोबर जाणार होती. आणि थापत होत्या फक्त बायका. आईनं पंचवीसच्या जागी साठ केल्या, कारण टेम्पो तिच्या माहेराकडं जाणार होता. तिचे तळहात लाल झाले होते. मी बघत होतो. गावात दीडशे धडधाकट गडी असतील, पण "सर, मी थापू लागतो" म्हणणारा एक नव्हता. कुणाच्या मनात नव्हतं असं नाही. कुणाला येतच नव्हतं! पुरात माणसं अडकलेली, भाकरी कमी पडतायत, आणि अर्धं गाव हात असून निकामी. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर निम्मी कपॅसिटी बंद पडलेली, आणि ती बंद आहे हेच कुणाच्या लक्षात नाही.

आता होस्टेलकडं येऊ. आपली सकाळ कशी असते? लेक्चर साडेआठचं. मेसला नाष्टा साडेसातला. आपण उठतो आठ वीसला. आंघोळ 'ऑप्शनल'. मग टपरीवर कटिंग आणि बिस्किटाचा पुडा. बिस्किट चहात बुडवायचं, ते मोडून तळाला जायचं आणि बोटानं काढायचं. आपली 'बिस्किट-ग्रेव्ही' ती हीच! मेसचे पोहे गार होऊन तसेच पडलेले असतात आणि आपण रात्री मेसला नावं ठेवायला मोकळे. माझा रूम पार्टनर मागच्या सेमिस्टरला वर्कशॉपमध्ये चक्कर येऊन खाली बसला. सर घाबरले. कारण विचारलं तर म्हणे, कालपासून चहावर आहे. नशीब, त्या वेळी मशीनवर नव्हता.

मग आपण घरी फोन करतो. आई विचारते, "आरं, खाल्लंस का न्हाई?" आपण सांगतो, "खाल्लं." हे रोजचं खोटं. आणि त्यानंतर स्टेटसला चुलीचा फोटो टाकतो, 'मिस यू घरची भाकरी'.

मला वाटतं, हे 'मिस यू' आता पुरे झालं. ज्याला भाकरीची एवढी आठवण येते, त्यानं ती करायला शिकावी. माझं म्हणणं एवढंच आहे. आणि होस्टेलसारखी शिकायची दुसरी जागा नाही.

हे काही माझं डोकं नाही. आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी हे करून झालंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहायची आणि एका पंक्तीला जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव दिलं गेलं. तिथं स्वयंपाक, दळण, झाडलोट ही कामं पोरंच करायची. पैसे वाचायचे हे तर खरंच. पण ज्या काळात कुणाच्या हातचं कुणी पाणी घेत नव्हतं, त्या काळात एकानं थापलेली भाकरी दुसऱ्यानं खाणं हाच मोठा धडा होता. आणि धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ते या पोरांच्या पोटासाठी. 'कमवा आणि शिका' आपण भाषणात ऐकतो. त्याच्या मुळाशी पोरांच्या हातची भाकरी होती, हे भाषणात कुणी सांगत नाही.

आमचे आण्णा साताऱ्यात शिकायला होते तेव्हा खोली घेऊन राहायचे. त्यांचा डबा गावाकडनं पहिल्या एस.टी.नं यायचा. ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटवर डब्यांची रांग, प्रत्येक डब्याला फडक्याची वेगळी गाठ. स्टँडवर पोरं वाट बघत उभी. एस.टी. चुकली, रस्त्यात बंद पडली, की त्या दिवशी उपास. मी आण्णांना एकदा विचारलं, "तुम्ही खोलीवर करून का खात नव्हता?" ते म्हणाले, "येत कुणाला होतं?" चाळीस वर्षांपूर्वीचं त्यांचं उत्तर आणि टेनेसीतल्या सिनियरचं उत्तर एकच! मधे एवढं सगळं बदललं, पण हे तेवढं जसंच्या तसं राहिलं.

म्हणून आम्ही चौघांनी ठरवलं. रेक्टर सरांची परवानगी काढली, मेसच्या मावशींना मस्का लावला आणि एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात शिरलो. पहिल्या दिवसाचा निकाल सांगायला लाज वाटते. माझी भाकरी मध्येच चिरली. दुसऱ्याची महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, कोकण किनारपट्टीसकट. तिसऱ्याची तव्यावर टाकताना हातालाच चिकटली. पिठल्यात सुपारीएवढ्या गुठळ्या. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग म्हणाल्या, "बाळांनो, गार पाण्यात मळलं तर ती चिरणारच. आधण ठेवा आधी."

आणि मग आमच्यातला केमिकलवाला जागा झाला. ज्वारी-बाजरीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ आपोआप चिवट होत नाही. कडकडीत पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. थापून तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे ती बाजू वाळून फुटत नाही. ते पाणी सुकत आलं की उलटायची. दोन्ही अंगं धरली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, मग ती पापुद्रा उचलते. म्हणजे भाकरी फुगते! कडा जाड किंवा कुठं चीर असली की वाफ निसटते आणि भाकरी बसते. पिठल्याचंही तेच. बेसन आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या फोडणीत ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की प्रत्येक गोळ्याचं वरचं अंग आधी शिजतं आणि आतलं कोरडं राहतं. ती गुठळी. सिनियरनं सांगितलेल्या त्या ग्रेव्हीत मैदा आधी बटरमध्ये परततात, तोही गुठळ्या टाळायचाच उपाय. थर्मोडायनॅमिक्स मला पुस्तकात जेवढं कळलं नव्हतं तेवढं तव्यापुढं कळलं. सरांनी हसू नये.

तिसऱ्या रविवारी माझी एक भाकरी फुगली. पूर्ण नाही, पाऊण. पण सगळे एवढ्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरची पोरं काय झालं म्हणून खाली आली. आली ती परत गेली नाहीत. त्या दिवशी मेसमध्ये आम्ही अठराजण होतो. कुणी कांदा फोडत होतं, कुणी पिठलं घोटत होतं. आणि मावशींना आम्ही खुर्चीवर बसवून पहिली गरम भाकरी वाढली. त्या दोनदा उठल्या, दोनदा खाली बसवल्या.

दिवाळीला घरी गेलो. वडूजला उतरलो तेव्हापासूनच पोटात गोळा आला होता, एखाद्या व्हायव्हाला जातोय तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणालो, "आज तू सरक. मी करतो." आण्णा पेपरातनं वर बघायला लागले. आजी म्हणाली, "ह्येला शाळंत ह्येच शिकवत्यात व्हय?" आई बाजूला झाली, पण बसेना. काटवट सरकवून देई, जाळ पुढं करी. मी परत म्हणालो, "बस की गं!" तेव्हा बसली. आण्णांच्या शेजारी, ताट पुढं घेऊन. मी तव्यावरची भाकरी निखाऱ्याला लावून तिच्या ताटात टाकली. तिनं हातात घेतली, उलटीपालटी केली, मास्तरणीसारखी. म्हणाली, "कडा जाड झाल्यात." मग पिठल्यात बुडवून घास घेतला आणि काही बोलली नाही. एक संपवली. मग हळूच म्हणाली, "अजून एक टाक."

माझ्या पदरात आजवर जेवढे क्लास पडलेत, त्यात हा सगळ्यात वरचा.

आता आक्षेप. पहिला, वेळ नाही. रविवारी सकाळी अकरापर्यंत झोपायला वेळ असतो, हे आपण सगळे जाणतो. दुसरा, परवडत नाही. एक किलो पिठात साधारण आठ-दहा भाकरी होतात. टपरीचं बिल काढा आणि तुम्हीच हिशेब करा. तिसरा, हे जुनं झालं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून साजरं केलं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. जगाला ज्वारी-बाजरी आता कळतेय, आणि आपण ती पिकवणाऱ्यांची पोरं चहात बिस्किट बुडवतोय. चौथा आक्षेप मुलींच्या होस्टेलमधून येईल, आणि तो रास्त आहे. "आम्हाला तर हे येतं असं धरूनच चालतात. आम्ही कशाला परत चुलीपुढं?" बरोबर आहे. हा लेख तुमच्यासाठी नाहीच. ज्यांना येत नाही आणि ज्यांना कुणी कधी 'ये' म्हटलं नाही, त्या आम्हा पोरांसाठी आहे. तुमच्यातल्या कुणाला येत नसेल आणि शिकायचं असेल तर या. नसेल तर जेवायला या.

रेक्टर सरांना आणि स्टाफला एक विनंती. रूमवर हीटर-शेगडी वापरायला बंदी आहे ती योग्यच आहे. आग लागली तर भाकरीसकट सगळंच जळेल. पण महिन्यातून एक रविवार सकाळी मेसचं स्वयंपाकघर, एक मोठा तवा आणि मावशींची देखरेख एवढं मिळालं तर बाकी सगळं आम्ही करू. भांडीसुद्धा आम्हीच घासू, हे इथं छापून देतोय म्हणजे नंतर पलटी मारता येणार नाही. वाटलं तर तुम्हीही या. तुमच्यातल्या कितीजणांना भाकरी येते, तेही कळेल!

घर सुटलं की न्याहारी सुटते, हे आपल्या मागच्या पिढीनं मान्य करून टाकलं. आपण करू नये. परगावी, परदेशी, कुठंही गेलो तरी पीठ, पाणी, तवा मिळतो. नसतो तो हात. तो इथंच, या चार वर्षांत तयार करून नेता येतो. पुढं कधीतरी कुणी आपल्याला विचारेल, "तुमच्या घरी सकाळी काय असतं?" तेव्हा पंधरा मिनिटं बोलण्यापेक्षा पीठ मळायला घेता आलं पाहिजे. आणि ज्यांनी आपल्याला जन्मभर गरम वाढलं, त्यांना एकदा तरी गरम वाढता आलं पाहिजे.

तर मग, येत्या महिन्याचा पहिला रविवार, सकाळी साडेसात, मेसचं स्वयंपाकघर. शाळूचं पीठ मी गावाकडनं आणतोय. चटणी आईनं कबूल केलीय. तुम्ही फक्त लवकर उठा आणि हात धुऊन या.